विनोदाच्या पानावरची माझी वहिनी

वहिनी, तुला उचललं तेव्हा तिरडीचा बांबू कुरकुरला आणि वरच्या आळीचा नामदेव म्हणाला, "आनखी दोघं लागा रं, सरकारी सुकडी लई हाय आत." मोठ्यानं कुणी हसलं नाही. पण दोन-तीन माना खाली गेल्या आणि खांदे हलले. मी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होते. ती मी त्याच्या पाठीत घातली. पाणी तुझ्या अंगावरच्या नव्या लुगड्यावर उडालं, तो गुडघ्यांवर बसला आणि बायकांनी मला धरून आत नेलं. मयताच्या पुढ्यात असं करतात का, असं मला सगळ्यांनी विचारलं. त्याला कुणी काहीच विचारलं नाही. दादा मडकं धरून पुढे उभा होता. तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

तू असतीस तर आधी म्हणाली असतीस, "वन्सं, कळशीला पोचा आला का बघा." आलाय.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी परकर नेसून हुंदडणारी पोर होते. मांडवात बायका कुजबुजत होत्या की नवरी नवऱ्याला काखेत घालून नेईल. तू उंच, मोठ्या हाडाची, अंगानं भरलेली. चोळी तुझ्या दंडात रुतायची आणि शिंपी दर वेळी कापड कमी पडलं म्हणून कुरकुरायचा. मला तेव्हा एवढंच कळत होतं की तुझ्याजवळ बसलं की ऊब लागते. मला विंचू चावला त्या दुपारी दादा गाडी जुंपतोय तोवर तू मला पाठीवर घेतलंस आणि ओढा ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत पळालीस. तुझ्या पाठीवर मी पालथी पडले होते, फळीवर पडावं तशी. पाय ठणकत होता आणि तरी मला वाटत होतं की आता काही होणार नाही. एसटीत मला मांडीवर घेऊन तू पारनेरपर्यंत कंडक्टरला शिव्या देत होतीस, गाडी हळू चालली म्हणून. पुढे मी शिकले, ट्रेनिंग केलं, गावच्याच शाळेत मास्तरीण झाले. तू मला 'तुमी' म्हणायचीस आणि मी तुला 'तू'. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मग पाऊस गेला. एकदा गेला, पुन्हा गेला. आपल्यासारख्या घरातल्या बायका कधी दुसऱ्याच्या कामावर गेल्या नव्हत्या, त्या सरकारी खडीवर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी निम्म्याजणी पदर तोंडावर ओढून रडत होत्या. तू पुरुषांच्या बाजूचा घण उचललास. मुकादम म्हणाला, "वयनी, त्यो गड्यांचा हाय." तू म्हणालीस, "दगडाला काय ठावं कुनी हानला?" आणि हाणलास. तू मोठे धोंडे फोडायचीस, बाकीच्या बसून बारीक करायच्या, आणि टोळीची खडी एकत्र मोजली जायची. टोळीतल्या शांताची हाडं दिसत होती, बाळंतपणातून उठून आली होती. तिच्या वाट्याचंही तूच फोडायचीस. खरं तर साऱ्या टोळीची चूल तुझ्या दंडावर पेटत होती.

कामाच्या पाहणीला साहेबांची जीप आली त्या दिवशी बरोबर नगरच्या साप्ताहिकाचा माणूस होता, गळ्यात कॅमेरा घातलेला. तो तुझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "बाई, परत उचला तो घण. वर बघा." तू विचारलंस कशाला. तो म्हणाला, "तुमचं काम लोकांना दिसू द्या." तू पदर खोचलास, घण डोक्याच्या वर नेलास आणि हसलीस. संध्याकाळी रेशनच्या मिलोची लाल भाकरी थापताना तू मला हे तीनदा सांगितलंस. "वन्सं, आपलं काम पेपरात येनार."

आलं. विनोदाच्या पानावर आलं.

ते साप्ताहिक शाळेत यायचं, सलूनमध्ये यायचं. हत्तीएवढी बायको आणि तिच्या पायाशी काडीएवढा नवरा. वजनकाट्याचा मोडलेला काटा. काळी मुलगी दाखवायला आणली म्हणून कंदील लावणारे पाहुणे. दर आठवड्याला असलीच चित्रं. त्या आठवड्यात चित्राच्या जागी तू होतीस. वर लिहिलं होतं, 'दुष्काळ? कुठे आहे दुष्काळ?' आणि खाली, 'सरकारी सुकडी नेमकी जाते कुठे, याचा शोध अखेर आमच्या छायाचित्रकाराला लागला आहे.' मुलांना वाटायला येणारी, कामावर मूठ-मूठ मिळणारी ती गोड पिठाची सुकडी. तू तुझी मूठ शांताच्या पदरात टाकायचीस, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

दादा सलूनमधून अर्ध्या दाढीनं घरी आला. एका गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. तिथं न्हाव्यानं ते पान कापून आरशाशेजारी चिकटवलं होतं आणि दादा खुर्चीत बसल्यावर कुणीतरी विचारलं होतं, "काय रंगनाथराव, रातच्याला खाट टिकती का?" बैल छावणीला गेल्यापासून दावं खुंटीला रिकामं लटकत होतं. त्यानं ते काढलं. त्या दिवसापर्यंत त्यानं तुझ्यावर हात टाकला नव्हता. तू चुलीपुढे बसली होतीस, तुला कशासाठी ते कळलंही नव्हतं. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा मानेवर, तिसऱ्याला दाव्याची गाठ तुझ्या कानाला लागून रक्त आलं. तो मारताना एकच बोलत होता, "कमी खा. कमी खा म्हनलं ना तुला." मी मधे पडले तर मला ढकलून दिलं, माझं डोकं उतरंडीवर आपटलं. मग तू उठलीस. त्याचं मनगट धरलंस आणि दाबत दाबत त्याला खाली बसवलंस, लहान पोराला बसवतात तसं. त्याची बोटं उघडली आणि दावं गळून पडलं.

"मारायचं तर ज्यानं छापलं त्याला मारा," तू म्हणालीस. "मी येते संगं. आत्ता चला."

तो उठला नाही. गुडघ्यात तोंड घालून बसून राहिला. त्याच्या गालावर तो साबण तसाच होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, मी तुझ्या पाठीला हळद लावत होते तेव्हा आपलं भांडण झालं. मी म्हणाले, मी संपादकाला पत्र लिहिते. लिहिते की ही बाई दिवसाला एकच भाकरी खाते, स्वतःची सुकडी दुसरीला देते, हिच्या माहेरी सगळ्यांची अंगकाठी अशीच आहे. डॉक्टरला विचारून एखाद्या आजाराचं नावही लिहिते. तू झटकन वळलीस. हळदीची वाटी उपडी झाली.

"मी आजारी न्हाई. खोटं लिहायचं न्हाई."

"मग भाकरीचं तरी लिहू दे. ते खरं आहे."

"मी किती खाते ते त्या मेल्याला कशाला सांगायचं? आन दोन खाल्ल्या आसत्या तर? चार खाल्ल्या आसत्या, तर हसायला मोकळा व्हता का त्यो?"

मी म्हणाले की लोकांना पटेल असं काहीतरी लिहावं लागतं. तू म्हणालीस, "वन्सं, तुमी शिकलेल्या. पन तुमी बी माजी मापी मागायलाच निगाल्या."

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. माझं म्हणणं मला अजूनही अगदी चुकीचं वाटत नाही, वहिनी. जग जसं आहे तसं धरूनच बोलावं लागतं, असं मला वाटतं. तुला तसं वाटत नव्हतं. हा वाद आपण पुढे किती वेळा घातला, खडीवर जाताना, धुणं धुताना. तो मिटायचा राहिला आणि आता माझ्या बाजूनं मी एकटीच बोलते आहे.

पण ते पुढचं. आधी सलूनचं झालं. गावातली कुठलीच बाई त्या पायरीवर चढली नव्हती. तू सकाळी सकाळी चढलीस. न्हावी म्हणाला, "वयनी, बायकांनी हितं न्हाई यायचं." तू म्हणालीस, "मी आधीच आलीय की. भिताडावर हाय." आणि पान ओढलंस. चुना त्याबरोबर निघाला. मागून एकानं तुझा पदर धरला. तू कोपर मागे मारलंस, तो बाकावर कोसळला, बाक आरशावर, आणि आरसा खळकन खाली आला. काचेनं तुझा तळवा चिरला. तू त्याच हातात ते पान चुरगाळून भर गावातून घरी आलीस आणि चुलीत घातलंस. रक्ताचे डाग दारापर्यंत पडले होते. दादानं ते पाहिले आणि राख टाकून झाकले.

मग मुकादम आला. तो खालमानेनं बोलला. "वरनं चौकशी आलीय. फोटो छापून आला ना. सुकडी जास्त कोन घेतं म्हनून इचारत्यात. तुमी थोडं दिस घरी ऱ्हावा." तुझं नाव कामावरून काढलं. टोळीतली एकटी शांता बोलली, "तिनं फोडलेली खडी आमी खात हुतो, तवा न्हाई आली व्हय चौकशी?" तिला कुणी साथ दिली नाही. कामावरून काढायला त्यांना एक फोटो पुरला. तू रोज काय करत होतीस हे तिथल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं, ते पुरलं नाही.

आपण दोघी नगरला गेलो. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत त्या छापखान्यापर्यंत. संपादक चष्मेवाले, गोड बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली. तुझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची द्यावी की नाही या विचारात राहिले. मी सगळं नीट मांडलं. म्हणाले, एका कष्टकरी बाईचा तुम्ही तिच्या शरीरावरून अपमान केलात, तिचं काम गेलं, घरात मारहाण झाली, तुम्ही पुढच्या अंकात तसं छापा. ते हसून म्हणाले, "बाई, विनोद विनोदासारखा घ्यावा. आम्ही कुणाचं नाव कुठे छापलंय? आणि हे पान सगळ्यात आधी वाचलं जातं. तुमच्यासारख्या बायकाच वाचतात."

तू विचारलंस, "सायेब, तुमच्या आईचं अंग कसं हाय?"

त्यांचा चेहरा उतरला. "आईवर जायचं नाही," ते म्हणाले.

"मग माज्या अंगावर कसं गेला?"

तेवढ्यात आतून, जिथे छपाईचे शिशाचे खिळे जुळवतात तिथून, कुणीतरी म्हणालं, "जाताना दार रुंद करून घ्या." आणि आतले सगळे हसले. संपादकही हसले. अगदी थोडं, ओठ दाबून, पण हसले. मी तुझ्या हाताला हात लावेपर्यंत तू आत होतीस. खिळ्यांच्या पेट्यांची ती उंच मांडणी तू दोन्ही हातांनी धरलीस आणि पुढे ओढलीस. आवाज असा झाला की रस्त्यावरची माणसं आत धावली. ज्वारीचं पोतं फुटावं तसे खिळे फरशीभर पसरले. एकानं तुझ्या केसांना धरलं, तू त्याला भिंतीवर फेकलंस. दुसऱ्यानं लाकडी हातोडा उचलून तुझ्या खांद्यावर मारला, मग पुन्हा मारला. मी किंचाळत त्याच्या मनगटाला चावले. त्याच्या रक्ताची चव माझ्या तोंडात दिवसभर होती. मी मुलांना 'भांडू नका' शिकवणारी मास्तरीण.

चौकीवर हवालदारानं तुला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ही तर ती." त्यानंही पान वाचलं होतं. संपादक म्हणाले, माफी मागितली तर तक्रार करत नाही. तुझा खांदा सुजून वर आला होता, हात उचलत नव्हता. तू म्हणालीस, "खिळं मी सांडलं, मी येचून देते. त्येची मापी बी मागते, त्या येचनाऱ्या गरिबांची. पन फोटोची मापी ह्यानं मागायची." त्यांनी मागितली नाही. तू मात्र परत छापखान्यात जाऊन, एका हातानं, दिवे लागेपर्यंत खिळे वेचलेस. तुझ्यावर धावून आलेल्यांतलाच एकजण शेजारी बसून वेचत होता. मधेच त्यानं तुला पाणी आणून दिलं. तू प्यालीस.

पुढच्या अंकात काय आलं ते तू मला वाचून दाखवायला लावलंस. मी टाळत होते. 'आमच्या छापखान्यात नुकताच भूकंप झाला. जीवितहानी नाही. भूकंप एसटीनं परत गेला.' तू ऐकलंस. मग म्हणालीस, "लिहितो चांगला न्हाई का मेला?" आणि तू रडलीस. दाव्याचे फटके खाऊन रडली नव्हतीस, हातोडा खाऊन रडली नव्हतीस. मी तुला पोटाशी धरायचा प्रयत्न केला. माझे हात तुझ्याभोवती पुरेनात, तर तूच मला धरलंस.

सरकारी कामावरून नाव गेलं म्हणून खांदा बरा होताच तू ठेकेदाराच्या खाणीवर गेलीस. दादा जाऊ नको म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. भाकरी मात्र तो बांधून द्यायचा. दोन बांधायचा. तू एकदा मला फडकं उघडून दाखवलंस.

खाणीत सुरुंग उडाला तेव्हा तू पाटी भरत होतीस. तुला घरी आणलं तेव्हा तुझा चेहरा अर्धा झाकलेला होता. मी फडकं उचलून पाहिलं. ते मी कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही. गावात लगेच सुरू झालं, "अंगामुळं पळता आलं न्हाई बिचारीला." मयताला आलेली माणसं चूळ भरता भरता हेच बोलत होती. वहिनी, सुरुंगाच्या इशाऱ्याची शिट्टी वाजलीच नव्हती. शांताचा भाऊ तिथं होता, त्यानं शपथेवर सांगितलं. ठेकेदाराच्या माणसानं शिट्टी न मारता वात पेटवली. तुझ्याशेजारी एक काडीसारखा माणूस काम करत होता, त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तो बारीक होता म्हणून गेला, असं कुणी म्हणत नाही.

माझ्या मनात येतं की तुला मारणाऱ्यांत ठेकेदाराच्या पुढे त्या पानाचा नंबर लागतो. ते छापलं नसतं तर तू सरकारी कामावर खडी फोडत असतीस. मला त्या छापखान्याला काडी लावावीशी वाटते. दादाचं दावं घेऊन जावं आणि ते चष्मेवाले 'विनोद, विनोद' म्हणत असताना मारत सुटावं, असं वाटतं. वर्गात फळ्यावर लिहिताना वाटतं आणि खडू मोडतो.

परवा तो कॅमेरावाला आला. दारात उभा राहून चपला काढल्या, नमस्कार केला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, खोटं सांगत नाही. म्हणाला, साप्ताहिकात कामावर मेलेल्या मजुरांवर लेख येतोय, त्यात वहिनींना श्रद्धांजली वाहायची आहे. त्याच्याकडे तो फोटो होता, मोठा केलेला. मी तुला त्या पानाबाहेर प्रथमच पाहिलं. घण डोक्यावर, पदर खोचलेला, दात दिसेपर्यंत हसणारी. तुझ्या चेहऱ्याभोवती लाल पेन्सिलीनं चौकोन काढलेला होता.

"चेहरा तेवढा घेतो," तो म्हणाला. "खालचं कापून टाकू. बरं दिसेल."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याआधी दादा उठला. तू गेल्यापासून तो कुणाशी शब्द बोलला नव्हता. त्यानं फोटो हातात घेतला, उजेडात धरला, अंगठ्यानं लाल रेघ पुसून पाहिली. ती पुसली गेली नाही.

"बाकीची कुटं टाकनार?" त्यानं विचारलं.

"अं?"

"ह्ये हात, ह्यो घण. पोट. ही सगळी माजी बायकू हाय. छापायची तर सगळी छापा. न्हाईतर राहू द्या."

"रंगनाथराव, तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. सगळी छापली तर लोक परत हसतील."

"हसू द्या," दादा म्हणाला. "मी हाय हितं."

तो माणूस फोटो ठेवून गेला. दादा बराच वेळ दारातच उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून, मुठी वळून, जणू हसणारे आत्ताच येणार होते. "दादा, वहिनी असताना हे एकदा म्हणायला हवं होतंस," असं मी त्याला म्हणणार होते. पण त्याची पाठ थरथरत होती, म्हणून नाही म्हणाले. वहिनी, दादाचे ते शब्द तुझ्या वाट्याचे होते. तू ऐकायला नव्हतीस, म्हणून लिहून ठेवले.